नऊ गुण, पण कशाचे?

मार्कंडादेव, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली

मोबाइल आणि कॉम्प्युटरवरच्या खेळांचं मराठीतून परीक्षण करणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींना,



मी राहतो मार्कंड्याला आणि चामोर्शीच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेली काच बदलणं, चार्जिंगचा जॅक साफ करणं, फुगलेली बॅटरी काढणं, रिचार्ज मारणं हा माझा रोजचा धंदा. खेळ मी स्वतः खेळतो आणि तुमची परीक्षणंही नेमाने पाहतो. दुकानात बसणारी निम्मी पोरं तुमचं बोलणं पाठ म्हणून दाखवतात. पूर्वी खेळाबद्दल काही कळून घ्यायचं तर इंग्रजीशिवाय गत्यंतर नव्हतं. ते तुम्ही मराठीत आणलंत, म्हणून तुमच्याबद्दल मनात आदर आहे. तो आहे म्हणूनच हे पत्र लिहितोय.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता. दहावीची परीक्षा दिलेला एक पोरगा आईबापांबरोबर पहाटे जंगलात जायचा, पानं तोडायचा आणि दुपारी घरी बसून पुडे बांधायचा. त्यातून हाती आलेल्या पैशांतून त्याने माझ्याकडून एक जुना फोन घेतला. 3 जीबी रॅम, 32 जीबी स्टोरेज. चार दिवसांनी तुमच्यापैकी एकाचं परीक्षण त्याने पाहिलं. एका नव्या खेळाला 10 पैकी 9 गुण दिले होते आणि ‘डोळे झाकून डाउनलोड करा’ असं सांगितलं होतं. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून त्याने मामाच्या लग्नाचा व्हिडिओ पुसला. घरात रेंज येत नाही, म्हणून दोन रात्री नदीच्या बाजूच्या उंचवट्यावर फोन घेऊन बसला. दिवसाचा डेटा संपला की दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची. तिसऱ्या दिवशी खेळ उघडला. वर्तुळ फिरत राहिलं, पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली आणि खेळ आपोआप बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. तो फोन घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, “भाऊ, त्यायनं नऊ देल्ले, ते कायचे?”

मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी दुकान बंद करून मी ते परीक्षण पहिल्यापासून पाहिलं. चौदा मिनिटं. कथा, ग्राफिक्स, आवाज, नियंत्रण, सगळ्यावर छान बोलणं होतं. पण कोणत्या फोनवर खेळलात, याचा एक शब्दही नव्हता. एका ठिकाणी तुमचा हात कॅमेऱ्यात आला तेव्हा दिसलं, की फोनच्या पाठीला थंड करणारा छोटा पंखा लावलेला आहे. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर त्या पंख्यात होतं, आणि ते तुम्ही सांगितलं नाही.

माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं मागणं हेच आहे. गुण देण्याआधी फोनचं नाव सांगा, रॅम सांगा, नेट वायफायचं होतं की सिमचं ते सांगा. हे किरकोळ वाटत असेल, तर ‘सायबरपंक 2077’ आठवा. 10 डिसेंबर 2020 ला तो खेळ आला. त्याआधी तो बनवणाऱ्या कंपनीने परीक्षकांना फक्त कॉम्प्युटरवरची आवृत्ती दिली होती. त्यांनी भरभरून गुण दिले. ज्यांच्याकडे आधीच्या पिढीचं प्लेस्टेशन 4 किंवा एक्सबॉक्स वन होतं, त्यांनी त्या गुणांवर विसंबून पैसे मोजले. त्यांच्या पडद्यावर माणसं अर्धवट दिसत होती, खेळ अडखळत होता, मध्येच बंद पडत होता. आठवडाभरातच प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, पैसे परत देऊ केले, आणि तो परत यायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. आयजीएन या एकाच संकेतस्थळावर त्या एकाच खेळाला कॉम्प्युटरसाठी 9 आणि जुन्या कन्सोलसाठी 4 गुण मिळाले. दोन्ही आकडे खरे होते. पण नवाचा आकडा आधी आला, आणि चाराचा आला तोवर लोकांचे पैसे गेले होते.

आमच्याकडे तर सगळेच ‘जुन्या कन्सोलवाले’ आहेत. माझ्या दुकानात येणाऱ्या दहा फोनांपैकी आठ तीन-चार जीबी रॅमचे असतात. एक फोन घरात चार जण वापरतात. आई त्यावर बचत गटाचे निरोप बघते, बाप धानाचा भाव, बहीण अभ्यासाचे व्हिडिओ, आणि उरलेल्या वेळात पोरगा खेळतो. असा फोन सहा जीबीचा खेळ कुठे ठेवणार?

आणि उन्हाळा. चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात 45 च्या वर जातो हे तुम्ही बातम्यांत ऐकता. फोनच्या आत काय होतं ते मी रोज पाहतो. प्रोसेसर तापला की फोन स्वतःला वाचवण्यासाठी त्याचा वेग कमी करतो, पडद्याचा उजेड उतरवतो, चार्जिंग थांबवतो. एसी खोलीत अर्धा तास लोण्यासारखा चालणारा खेळ इथे टिनाच्या छपराखाली दहाव्या मिनिटाला लॅग मारायला लागतो. पोरांना वाटतं फोन खराब झाला. ती माझ्याकडे येतात, मी तपासतो आणि सांगतो, फोन ठीक आहे बाबा, खेळ जड आहे. हे वाक्य खरं तर तुम्ही बोलायला हवं होतं.

नेटचंही तसंच. तुमच्या परीक्षणात पिंगचा विषय क्वचित निघतो. इथे टॉवर लांब, मध्ये जंगल, पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही जातो. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो, मग नेटची काय कथा! महाशिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्यात इतकी माणसं येतात, की फोनही लागत नाही. जो खेळ नेटशिवाय उघडतच नाही, त्याला आणि जो नेटशिवाय चालतो त्याला एकाच तागडीत कसं तोलता? ‘ऑफलाइन चालतो’ ही तुमच्या लेखी शेवटच्या मिनिटातली टीप असते. माझ्या गिऱ्हाइकासाठी ती पहिली ओळ आहे.

‘लुडो किंग’चं उदाहरण घ्या. 2016 साली नवी मुंबईतल्या एका कंपनीने तो काढला. 2020 च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोहोचला. आजही आमच्याकडे लग्नघरी, पारावर, दवाखान्याच्या व्हरांड्यात एका फोनभोवती चार डोकी दिसली तर बहुतेक वेळा तोच असतो. एकच फोन, तो हातोहात फिरतो, नेट नाही, चार माणसं एकत्र. आजीसुद्धा खेळते. त्याचं गंभीरपणे केलेलं परीक्षण मी शोधलं, मला सापडलं नाही. ‘फ्री फायर’ची गंमतही तीच. त्याची चित्रं साधी म्हणून त्याला कमी लेखणारं बोलणं मी तुमच्याकडून कितीदा ऐकलं! पण तो गावोगाव पोहोचला तो हलक्या फोनवर चालला म्हणूनच. हलका खेळ बनवणं हे मोठं कसब आहे. कमी जागेत, कमी रॅमवर, तुटक्या नेटवर खेळ चालता ठेवायचा तर बनवणाऱ्याला घाम गाळावा लागतो. त्या कसबाला तुमच्या गुणपत्रिकेत रकाना नाही.

आता आकड्यांबद्दल. शाळेत 35 ला पास होतो. 60 म्हणजे पहिला वर्ग. तुमच्याकडे 6 म्हणजे नापास, 7 म्हणजे ठीकठाक, 8 म्हणजे बरा, आणि 9 च्या पुढे कौतुक. एक ते पाच हे आकडे जणू वापरायचेच नाहीत. मग दहाची पट्टी ठेवलीच कशाला? बाहेरच्या माणसाला ही आतली पट्टी माहीत नसते. तो 7 बघून समजतो, चांगला आहे. जपानच्या ‘फामित्सू’ नियतकालिकाची रीत मला जास्त पटते. तिथे चार परीक्षक प्रत्येकी 10 पैकी गुण देतात आणि बेरीज 40 पैकी होते. एकाने 9 दिले आणि दुसऱ्याने 6, तर वाचणाऱ्याला कळतं की या खेळावर मतभेद आहेत. 1998 साली ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’ला तिथे पहिल्यांदा पैकीच्या पैकी मिळाले, तेव्हा त्या चाळिसामागे चार जणांचं एकमत होतं. तुम्हीही चौघे मिळून एखादा खेळ खेळून पाहा ना. एकाकडे महागडा फोन, दुसऱ्याकडे साधा. एक पोरगा, एक पोरगी, एक पन्नाशीचा माणूस. मग गुण वेगळे येतील आणि वेगळे का आले हेच सांगायला तुम्हाला खूप काही मिळेल.

आकड्याला तुम्ही हलकं समजू नका, कारण त्यावर लोकांची पोटं चालतात. ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ 2001 पासून जगभरच्या परीक्षणांचे गुण गोळा करून सरासरी काढतं. कोणत्या परीक्षणाला किती वजन द्यायचं ते ठरवतं, पण ते वजन जाहीर करत नाही. 2010 साली ‘फॉलआउट: न्यू वेगस’ हा खेळ ‘ऑब्सिडियन’ या कंपनीने बनवला. सरासरी 85 आली तर बनवणाऱ्यांना बोनस मिळणार होता. आली 84. एका गुणासाठी बोनस हुकला. कुठल्या तरी परीक्षकाने 8 ऐवजी साडेआठ दिले असते तर कदाचित चित्र वेगळं असतं, आणि त्या परीक्षकाला याची कल्पनाही नसेल. म्हणून आकडा देताना तो कशावरून दिला ते लिहून ठेवा. तो तुमच्या हातून सुटला की दुसऱ्याच्या हिशेबात जातो.

दुसरं मागणं, गुण देणाऱ्याला धाक असता कामा नये. 2007 साली ‘गेमस्पॉट’वर जेफ गर्स्टमनने ‘केन अँड लिंच’ या खेळाला 6 गुण दिले. त्याच खेळाच्या जाहिराती त्या संकेतस्थळावर झळकत होत्या. त्याची नोकरी गेली. जाहिरातदाराच्या दबावामुळे गेली, हे त्याला उघडपणे सांगता आलं ते 2012 साली. तुमच्यापैकी पुष्कळ जण एकटे काम करतात, कंपनीकडून खेळ फुकट मिळतो, कधी पैसेही मिळतात. ते घ्यायला माझा विरोध नाही. पोट सगळ्यांनाच आहे. पण जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक खात्याने 2023 मध्ये सांगितलं आहे, की पैसे घेऊन केलेली गोष्ट तशी स्पष्ट दाखवायला हवी. ‘पेड पार्टनरशिप’ हे इंग्रजीत, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत नको. सुरुवातीलाच तोंडाने म्हणा, ‘याचे मला पैसे मिळाले आहेत.’ एक मराठी वाक्य. त्याने तुमचा मान वाढेल.

पैशांच्या खेळांबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. दोन-तीन वर्षं खेळाच्या परीक्षणाच्या मध्येच रमीची, रंग ओळखायची, पैसे लावायची ॲपं सांगितली जात होती. माझ्या दुकानात धानाचे पैसे एका रात्रीत घालवलेला माणूस येऊन बसला होता. फोन दुरुस्त करायला आला नव्हता. ‘यातून पैसे परत निघतात का,’ एवढंच विचारायला आला होता. त्याने ते ॲप कुणाच्या तोंडून ऐकलं होतं, ते त्याने मला नावासकट सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा झाला हे बरं झालं. पण ज्यांनी ती ॲपं सांगितली त्यांच्यापैकी कुणी समोर येऊन ‘चुकलं’ म्हटल्याचं मी ऐकलं नाही. म्हणा. लोक ऐकून घेतील.

आता पुण्याच्या ‘राजी’बद्दल, कारण तो माझ्या मनाला लागलेला विषय आहे. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने बनवला. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडलं नाही. 2020 साली खेळ आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनात पोहोचला. डोंबाऱ्याच्या खेळात वाढलेली राजी राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. कथेचे तुकडे बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडतात. चंद्रपूरला भाच्याच्या कॉम्प्युटरवर मी तो दोन बैठकांत संपवला. लढाई तोचतोचपणाची वाटते, खेळ लवकर आणि अर्ध्यावर तुटल्यासारखा संपतो, ही इंग्रजी परीक्षकांची तक्रार मला मान्य आहे. पण त्यांना खेळातल्या भिंतीवरच्या चित्रांतली गोष्ट कुणी तरी समजावून सांगावी लागते. तुम्हाला नाही लागत. मार्कंड्याच्या देवळांवरच्या शिल्पांसमोर उभं राहून ‘ही कोण, ही अशी का उभी’ असं विचारत मोठा झालेल्या माणसाला त्या खेळातली भिंत बोलते. मला सापडलेल्या मराठी परीक्षणांत मात्र इंग्रजीतलीच दोन वाक्यं होती: दृश्यं सुंदर, लढाई कमकुवत. आपल्याला जे जास्त दिसतं ते आपण सांगितलं नाही, तर मराठीतून परीक्षण करायचं कशाला?

त्याच ‘राजी’ची पुढे सुधारित आवृत्ती आली, हिंदी आवाज आला. ‘सायबरपंक’लाही 2023 च्या सप्टेंबरात मोठी डागडुजी झाली. जुने गुण मात्र जिथल्या तिथे राहिले. मोबाइलवरचे खेळ तर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतात. सुरुवातीला स्वच्छ असलेला खेळ सहा महिन्यांत जाहिरातींनी भरतो, फुकट मिळणारी गोष्ट टॉप-अपमागे जाते. म्हणून गुणाला तारीख घाला आणि वर्षाने परत येऊन तपासा. किती तास खेळलात तेही सांगा. ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानात साध्या खेळाडूने मत लिहिलं तरी त्याच्या शेजारी त्याचे खेळलेले तास दिसतात. तुमच्याकडून तेवढी अपेक्षा जास्त नाही.

आणि भाषा. खेळात मराठी आहे का, निदान देवनागरी आहे का, हे दर परीक्षणात सांगा. नसेल तर गुण कापा. कापल्याशिवाय कंपन्यांना कळणार नाही की ते कुणी मागतंय.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, नाटकाला गुण द्यायची रीत नाही. दिवाळीनंतर मंडई भरली, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट झाला, की रात्री नाटक असतं. वडशाहून नाटक कंपन्या येतात, तिकीट काढून माणसं रात्रभर थंडीत बसतात. याच रंगभूमीवर उभी हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्या नाटकाचं जे परीक्षण होतं, ते ऐकण्यासारखं असतं. दुसऱ्या अंकात लांबण लागली, खलनायक भारी, गाणं चुकीच्या जागी आलं, बाई रडली तेव्हा मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं नाही. मागच्या रांगेपर्यंत! तिथे बसलेला माणूसही तेवढंच तिकीट काढून आलेला असतो, हे टपरीवरचा परीक्षक विसरत नाही.

आणि आकडा कसा असावा, तेही इथेच दिसतं. आमच्या मार्कंडेश्वराच्या मुख्य देवळाचे दगड जीर्णोद्धारासाठी उतरवले, तेव्हा त्यांवर क्रमांक घातले. 9 लिहिलेला दगड 8 वाल्यापेक्षा चांगला असतो असं नाही. तो कुठे बसतो, त्याच्या खाली कोण, वर कोण, ते त्या आकड्यावरून कळतं. मला तुमच्याकडून तसा आकडा हवा आहे. हा खेळ कुणाच्या फोनमध्ये, कुणाच्या खिशात, कुणाच्या घरात बसतो ते सांगणारा.

त्या पोराने तो खेळ काढून टाकला. मामाच्या लग्नाचा व्हिडिओ दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये सापडतो का ते आम्ही शोधलं, सापडला नाही. आता तो अकरावीला आहे, तोच फोन वापरतो आणि तुमचं परीक्षण लागलं की आधी मला विचारतो, “भाऊ, माह्या फोनवर चालन का?”

येत्या महाशिवरात्रीला मार्कंड्याला या. इथे वैनगंगा उत्तरवाहिनी आहे, जत्रा मोठी असते, राहायची सोय मी करतो. येताना तुमचा चांगला फोन घरी ठेवा. दुकानातला 3 जीबीचा एक फोन आणि माझं सिम देतो. नदीकाठी बसून त्यावर तासभर खेळा, आणि मग तिथूनच गुण द्या.

आपला नम्र,
एक मोबाइल दुरुस्तीवाला
मार्कंडादेव